चिंचेच्या वळणावरचा कोहळा

बंगळूरमध्ये मोटारींच्या शर्यती कुठं व्हायच्या, असं आता कुणी विचारलं की मी हेब्बाळच्या पलीकडं हात करते आणि विषय बदलते. दाखवण्यासारखं तिथं काही उरलेलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही नव्हतं. परदेशात म्हणे शर्यतीसाठी मुद्दाम रस्ता बांधतात, कठडे घालतात, लोकांना बसायला पायऱ्या करतात. आमच्याकडं होती ती महायुद्धाच्या वेळी विमानं उतरवायला केलेली आणि नंतर कुणाच्या लक्षातही न राहिलेली एक धावपट्टी. वर्षभर तिच्यावर मेंढरं बसायची. गावातल्या बायका तिच्यावर नाचणी वाळत घालायच्या. वर्षातून दोन दिवस मात्र मेंढरं हाकलली जायची, नाचणी गोळा व्हायची आणि तिथं सर्किट उभं राहायचं.

ते उभं राहायचं आमच्या पिंपांवर. शिवाजीनगरात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांचं, अप्पांचं, मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. आमचं घर त्याच्या वरच्या मजल्यावर. तेलाची रिकामी पिंपं गल्लीत रचलेली असायची आणि त्यावरून शेजाऱ्यांशी बारा महिने कुरबूर चालायची. शर्यत जवळ आली की ती भरवणाऱ्या क्लबाची माणसं यायची, पिंपांना चुना फासला जायचा आणि ती लॉरीत घालून धावपट्टीवर नेली जायची. पिंप ठेवलं की वळण झालं, पिंप हलवलं की वळण बदललं. पन्नासच्या दशकात पहिल्यांदा शर्यत झाली तेव्हा सर्किट म्हणजे नुसतं जाणं-येणं होतं. धावपट्टीच्या टोकाला जायचं, पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. एकच गाडी दोनदा दिसते याचंच लोकांना अप्रूप. पुढं कुणाच्या तरी डोक्यात आलं की धावपट्टीच्या बाजूनं विमानं न्यायचा अरुंद रस्ता आहे, तोही धरावा. मग सर्किटला जरा पोट सुटलं.

त्या अरुंद रस्त्यावर एक चिंच होती. धावपट्टीवरून भरधाव आलं की रस्ता तिच्याखाली एकदम उजवीकडं वळायचा. गाड्या घाबरायच्या त्या तिथंच. समोर झाडाचं खोड, त्याला बांधलेले पेंढ्याचे भारे, आणि बहुतेक जण अगदी शेवटी ब्रेक दाबून गाडीची मान पिरगळायचे. नियम उलटा होता. ब्रेक आधी, मोकळ्या जागेतच लावायचा, रस्त्याच्या डाव्या कडेला जायचं आणि तिथून वळणात शिरताना अॅक्सिलरेटरवरचा पाय पुन्हा हळूहळू दाबत न्यायचा. तसं केलं की गाडी स्वतःहून वळते. पोटात एक खड्डा पडतो आणि भरून येतो.

मला हे माहीत होतं, कारण मी त्या चिंचेखालीच गाडी शिकले.

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. मला एका जागी बसवत नसे. शाळेत बाकाखाली पाय हलायचे, देवळात आरती संपेपर्यंत मी दोनदा बाहेर जाऊन यायची. माझा थोरला भाऊ, अण्णा, दुरुस्त झालेल्या गाड्या फिरवून बघायला धावपट्टीवर न्यायचा. एकदा आईनंच वैतागून मला त्याच्याबरोबर पाठवलं, की घटकाभर घर शांत राहू दे. तिला काय ठाऊक, तिनं काय केलं ते! अण्णानं गंमत म्हणून मला स्टिअरिंग दिलं, आणि गाडी चालू लागल्यावर माझ्या लक्षात आलं की आता पाय हलवायचा असतो, तो हलला तरच काहीतरी होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वस्थ बसले होते.

तिथं पहाऱ्याला एक हवालदार होते, साताऱ्याकडचे. आम्ही मराठी बोलतो हे ऐकून ते इतके खूश झाले की फाटक उघडून मोकळे. आमच्या मराठीला मात्र हसायचे. तीनशे वर्षं बंगळुरात काढलेल्या घरातली भाषा ती. अण्णा म्हणायचा, "हवालदारसाहेब, स्वल्प बाजूला व्हा, पोरगी गाडी वळवतीय." ते म्हणायचे, "स्वल्प म्हंजे काय रं? थोडं म्हण की!" आणि बाजूला व्हायचे.

मला काय हवं होतं ते इथंच सांगून टाकते. मला त्या चिंचेच्या वळणावरून शर्यतीत, इतर गाड्या असताना, एकदा पुऱ्या वेगानं आणि नीट जायचं होतं. बक्षीस नको होतं. ते वळण मी रिकाम्या सर्किटवर इतक्या वेळा घेतलं होतं की झोपेतही माझा पाय आपोआप दाबला जायचा. पण रिकाम्या रस्त्यावर शूर असणं म्हणजे काय, हेही मला कळत होतं.

आणि एका वर्षी क्लबानं बायकांसाठी वेगळी शर्यत ठेवली.

पिंपं न्यायला आलेल्या माणसानं ते अप्पांना सांगितलं. अप्पांनी जेवताना सहज म्हणून घरात सांगितलं. अण्णानं माझ्याकडं बघितलं. आईनं आमच्या दोघांकडं बघितलं आणि ताटातला घास हातातच धरून म्हणाली, "काही बेडा, नको. साहेबांच्या बायका उडवू देत गाड्या. आपण नाही."

मी म्हटलं, "अप्पा, मी जाऊ?"

अप्पा म्हणाले, "बघू."

अप्पांच्या या बघूनं मी अर्धी झाले. त्यांचा बघू आठवडाभर चालायचा. मी जिन्यावरून वर-खाली करायची, गॅरेजात जाऊन उगीच पाने पुसायची, कामगारांच्या अंगावर खेकसायची. शेवटी अण्णानं मधे तोंड घातलं. त्यानं एका जुन्या इंग्लिश मोटारीची दारं, छप्पर, मागची सीट सगळं काढून स्वतःची शर्यतीची गाडी केली होती. कामगार तिला बोडकी म्हणायचे आणि आई त्यांना रागवायची, की घरच्या गाडीला असलं अभद्र नाव ठेवू नका. अण्णा म्हणाला, "अप्पा, बोडकी तयार आहे. बायकांच्या शर्यतीत मी तर बसू शकत नाही. साडी नेसून बसू का?"

अप्पा हसले, आणि त्यांचं हसणं म्हणजे अर्धा होकार. उरलेला अर्धा असा आला: "सरी. पण कोहळा फोडल्याशिवाय गाडी निघायची नाही."

आमच्याकडं हा कोहळा म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. गॅरेजातून कुठलीही गाडी चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय बाहेर पडत नसे. नवी गाडी असेल, लांबचा प्रवास असेल, तर कोहळा. त्याला वरून भोक पाडून आत कुंकू आणि पाणी भरायचं, गाडीवरून ओवाळायचा आणि रस्त्यावर आपटायचा. सगळ्यांची वाईट नजर त्या लाल लगद्यात जाते आणि गाडी सुटते. खंडेनवमीला तर आमची गल्ली कोहळ्यांच्या गरानं बुळबुळीत व्हायची. दर वर्षी कुणी ना कुणी सायकलवाला त्यावरून घसरून पडायचा. अप्पा त्याला उठवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "देवाची कृपा, थोडक्यात निभावलं. कोहळा फोडला होता ना इथं!" सायकलवालाही मान डोलवायचा.

आणखी एक होतं. कोहळा बाईनं फोडायचा नाही. फोडायचा तर नाहीच, स्वयंपाकासाठी अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरीसुद्धा घरातल्या पुरुषानं लावायची. अप्पा बाहेर असले की सांबाराचा कोहळा तसाच पडून राहायचा आणि आई बटाट्यावर भागवायची.

शर्यतीच्या दिवशी आई आली नाही. तिनं फक्त कोहळ्याला हळदकुंकू लावून तो अप्पांच्या पिशवीत ठेवला.

धावपट्टीवर ही गर्दी! लष्करातले अधिकारी, कॉफीमळेवाले, कॉलेजची पोरं, आणि आमच्या गल्लीतले निम्मे लोक, जे पिंपं आपली म्हणून शर्यतही आपली समजत होते. बायकांची शर्यत दुपारनंतर होती. सकाळभर मी नुसती येरझारा घालत होते. साडीवर अण्णाचा जुना कोट, डोक्याला घट्ट रुमाल. पुरुषांच्या दोन शर्यती झाल्या, मी एकही बघितली नाही. अण्णा बॉनेट उघडायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा. तोही माझाच भाऊ.

अप्पा मधेच कुठंतरी गेले. नंतर कळलं ते असं. ते पिशवी घेऊन आधी सुरुवातीच्या पांढऱ्या रेषेवर गेले होते. तिथल्या टोपीवाल्या साहेबानं त्यांना कोहळा बाहेर काढताना बघितलं आणि ओरडून हाकललं. अप्पांना ते लागलं असणार, पण कोहळा न फोडता परत येणारे ते नव्हेत. ते चालत चालत चिंचेपाशी गेले. तिथं आमचे हवालदार उभे होते, त्यांनी अडवलं नाही. धोका वळणावरच असतो, तेव्हा इथंच बरं, असा अप्पांनी विचार केला. मधोमध फोडला तर पुन्हा कुणी ओरडेल, म्हणून रस्त्याच्या डाव्या कडेला फोडला. मोठे तुकडे पायानं गवतात ढकलले. आणि समाधानानं परत निघाले.

निशाण पडलं. पहिल्या फेरीत आम्ही सगळ्याजणी घोळक्यानं चिंचेपाशी आलो. जागाच नव्हती, मी उजवीकडून, आतल्या बाजूनं, हळू निघाले. पण बघून ठेवलं. पुढं एका अधिकाऱ्याची बायको होती, पांढऱ्या छोट्या गाडीत, आणि ती अगदी शेवटी ब्रेक दाबत होती. माझ्या मनात आलं, आता पुढच्या फेरीला हिला इथंच गाठायचं.

दुसऱ्या फेरीला धावपट्टीवर माझ्या आणि तिच्यामध्ये फक्त तिचा धूर होता. मी आधीच ब्रेक लावला. डावी कडा धरली. वळणात शिरले आणि पाय दाबायला लागले, अगदी जसा दाबायचा तसा.

आणि गाडीखालून रस्ताच गेला.

बोडकी स्वतःभोवती फिरली. चिंच, आभाळ, पिंपं, पुन्हा चिंच. मग धप्प आवाज आणि तोंडात पेंढा. मला काही लागलं नव्हतं. मी भाऱ्यांत रुतून बसले होते आणि बाकीच्या बायका एकामागून एक माझ्यासमोरून जात होत्या. शेवटची तर हात हलवून गेली.

हवालदार धावत आले. मागून रुग्णवाहिकेची माणसं आली, कारण लांबून रस्त्यावर लाल पसरलेलं दिसत होतं आणि माझ्या कोटावरही लाल उडालं होतं. लोक ओरडत होते, रक्त, रक्त. अण्णा कुंपणाची दोरी ओलांडून आला. त्यानं आधी गाडीचं चाक बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. वाकून रस्त्याला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "अगं, हा कोहळा आहे."

मागच्या चाकाच्या खाचांत पांढरा गर होता, कोहळ्याच्या बिया होत्या, कुंकू होतं. आम्ही दोघांनी एकदम वर बघितलं. अप्पा धोतर सावरत धावत येत होते. त्यांच्या हातात रिकामी पिशवी होती.

"लागलं का पोरी?"

"नाही."

"मग झालं काय?"

मला रडू येत होतं. भीतीनं नाही, रागानं. इतकं नीट आले होते मी! एवढ्या मोठ्या सर्किटवर यांना हीच जागा सापडावी? पण त्यांचा चेहरा चुना लावलेल्या पिंपासारखा झाला होता. मी म्हटलं, "घसरली."

अप्पांनी रस्त्याकडं बघितलं. चपलेच्या टोकानं थोडं पुसून बघितलं. मग म्हणाले, "तेल सांडलं असणार. नशीब, मी इथंच कोहळा फोडला होता. नाहीतर आज काय झालं असतं!"

अण्णा सरकून चाकापुढं उभा राहिला.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. गल्लीतल्या कुणीतरी सायकलवरून येऊन आईला सांगितलं होतं, की तुमच्या पोरीची गाडी आपटली, रस्ताभर रक्त. आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. मला धडधाकट बघूनही तिला खरं वाटेना. मी तिच्यापुढं उभी राहून गोल फिरून दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, "आयितु. पुरे झालं. पुन्हा त्या गाडीला हात लावायचा नाही."

तेव्हा अप्पा तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि सांगू लागले. रक्त कसलं, कुंकू होतं ते. तेलावरून गाडी घसरली, कुणाच्याही गाडीचं तेल असू शकतं, पण घसरली ती नेमकी कुठं? जिथं कोहळा फोडला तिथंच. संकट आलं आणि कोहळ्यावर गेलं. गाडी गरगर फिरली आणि पोरीच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही, असं कधी कुणी ऐकलंय? आई ऐकत गेली. तिचे हात आपोआप जोडले गेले. शेवटी ती म्हणाली, "खरं की. त्यानंच राखलं. पुढच्या वेळी मोठा आणा."

पुढच्या वेळी! मी अण्णाकडं बघितलं. अण्णा भिंतीकडं बघत होता. त्याच्या डोक्यात फक्त एकच शब्द घुसला होता: तेल. "माझ्या गाडीतून तेल गळत नाही," तो मला एकटीला गाठून म्हणाला. "उद्या सगळं शिवाजीनगर म्हणेल याच्या गाडीचं तेल गळतं." त्याला मी कितीतरी दिवस पेढे आणि भज्यांवर गप्प ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर खाली गेले. अप्पांनी चाक बघू नये, बिया बघू नयेत, म्हणून ते धुवायचं होतं. चाक स्वच्छ होतं. मला वाटलं, अण्णानं शहाणपणा केला. पुढं बोलता बोलता कळलं, अण्णाला वाटत होतं मी धुतलं. आम्ही दोघांनी एखाद्या कामगाराचं काम असणार म्हणून सोडून दिलं.

मी कुठल्या पेचात सापडले होते ते बघा. अप्पांना खरं सांगितलं असतं, तर आपल्या हातानं पोरीचा जीव धोक्यात घातला हे त्यांना आयुष्यभर टोचलं असतं. शिवाय आईचा कोहळ्यावरचा विश्वास उडाला असता आणि त्याबरोबर माझी शर्यतही. सांगितलं नाही, तर पुढच्या वेळी त्याहून मोठा कोहळा. मी चडफडत गप्प बसले. आणि अप्पा ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. गिऱ्हाइकांना, चिकपेटच्या कापडवाल्याला, भटजींना. मला बघायला धारवाडहून मंडळी आली, आई त्यांना मी गाणं शिकते म्हणून सांगत होती, आणि अप्पांनी मधेच गाडीची आणि कोहळ्याची गोष्ट काढली. मंडळींनी चहा संपवला आणि बसची वेळ झाली म्हणून उठली. मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर घेऊन हसत होते आणि त्याच वेळी अप्पांचा गळा धरावासा वाटत होता.

पुढच्या वर्षी शर्यत झालीच नाही. लढाईचे दिवस आले, धावपट्टी लष्कराला हवी झाली. फाटकाला नवं कुलूप लागलं. आमच्या हवालदारांची कुठंतरी उत्तरेकडं बदली झाली, जाताना ते गॅरेजात येऊन निरोप घेऊन गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही काही नाही. पिंपं गल्लीत गंजत पडली, चुना पावसात धुऊन गेला. मी एका कचेरीत टायपिस्ट झाले. टेबलाखाली माझा उजवा पाय दाबला जायचा, सुटायचा. शेजारची मुलगी विचारायची, पाय दुखतो का गं? बसमध्ये वळण आलं की मी ड्रायव्हरच्या आधी ब्रेक लावायची आणि तो उशीर करतो म्हणून मनात शिव्या द्यायची. रविवारी अण्णाबरोबर बोडकी घेऊन बाहेर पडायची, तर कुठं जायचं? रस्त्यावर बैलगाड्या, टांगे, शाळा सुटलेली मुलं. ते वळण एका कुलपामागं पडून होतं आणि मी रोज थोडी थोडी म्हातारी होत होते. लोकांना हे सांगितलं तर हसले असते. पंचविशीही गाठली नव्हती मी, पण मला तसंच वाटत होतं.

आणि एके दिवशी क्लबाचा माणूस पिंपं मागायला दारात उभा राहिला.

मी बायकांच्या शर्यतीत नाव दिलं. आईनं हरकत घेतली नाही, फक्त बाजारातून कोहळा आणला. एवढा मोठा, की हमालाच्या डोक्यावरून घरी आला. तो कोपऱ्यात बसवलेला होता आणि मी त्याला वळसा घालून जायची. अण्णा म्हणाला, आपण चोरू या. मी म्हटलं, आई दुसरा आणेल. शेवटी मीच धीर करून अप्पांना म्हणाले, "अप्पा, यंदा इथं गॅरेजच्या दारातच फोडू या. घरच्या दारात जास्त चांगलं."

अप्पा म्हणाले, "बघू."

शर्यतीच्या सकाळी आईनं कोहळ्याला हळदकुंकू लावलं. अप्पांनी भोक पाडून कुंकू भरलं आणि भोक मातीनं लिंपलं. दारात काही फोडलं नाही. कोहळा मांडीवर घेऊन ते बोडकीत माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "चल." वाटेत मी गिअर बदलताना माझं कोपर त्या कोहळ्याला लागत होतं.

दुपारी गाड्या रेषेवर लागल्या. माझं लक्ष शर्यतीत नव्हतं. डाव्या कडेनं जाऊ की नको? अप्पा ह्या वेळी कुठं फोडतील? डोळ्यांनी मी त्यांना शोधत होते आणि ते समोरूनच आले, तान्हं मूल घ्यावं तसा कोहळा दोन्ही हातांवर घेऊन. अख्खा. माझ्या कानाशी वाकले.

"हा माझ्याजवळ राहील," ते म्हणाले. "तू तुझी कडा धर. रस्ता कोरडा आहे, मी चालत जाऊन बघून आलो."

मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"मागच्या वेळचं चाक मी धुतलं होतं," अप्पा म्हणाले. "चाळीस वर्षं गाड्या बघतोय पोरी. मला तेल आणि कोहळा कळत नाही होय? पण तुझ्या आईला तसं सांगितलं असतं, तर तिनं तुला पुन्हा इथं येऊ दिलं असतं का?"

ते गेले. निशाण पडलं तेव्हा माझे डोळे भरलेले होते आणि धूळ त्यांना चिकटत होती.

शर्यत कशी झाली ते मला नीट सांगता येत नाही. मी तिसरी आले की चौथी, यावरून अण्णाचं आणि माझं अजून भांडण होतं. एवढं सांगता येतं, की दर फेरीला मी चिंचेशी आले, आधी ब्रेक लावला, डावी कडा धरली आणि पाय दाबत गेले. पोटात खड्डा पडला आणि भरून आला. एकदा मी त्या वळणावर एका गाडीला मागं टाकलं. आणि प्रत्येक वेळी भाऱ्यांच्या मागं अप्पा उभे होते, ऊन लागत होतं तरी, हातांवर तो कोहळा तसाच.

सगळं आटपल्यावर अप्पा मला धावपट्टीपासून लांब, माळावर घेऊन गेले. तिथं एक सपाट दगड होता. त्यांनी कोहळा माझ्या हातांत दिला. तो अंगाच्या उबेनं आणि उन्हानं गरम झाला होता.

मी म्हटलं, "अप्पा, बाईनं फोडायचा नसतो."

"गाडी कुणी चालवली?" अप्पा म्हणाले. "आणि हात दुखतायत माझे. फोड."

मी तो डोक्याच्या वर उचलला आणि आपटला. लाल पाणी दगडावरून गवतात गेलं. अप्पांनी बाजूला होऊन आपलं धोतर वाचवलं.

घरी आलो तेव्हा आई जिन्यातच उभी होती. तिनं आधी मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, मग अप्पांकडं वळली.

"फोडला का कोहळा?"

"फोडला," अप्पा म्हणाले.

"नीट फुटला?"

"एका दणक्यात," अप्पा म्हणाले आणि चपला काढू लागले. आईनं समाधानानं हात जोडले. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. बोटं कुंकवानं लाल झाली होती आणि नखांत कोहळ्याचा गर होता. मग म्हणाली, "जा, हात धू आधी. कुणी बघितलं तर?" आणि तांब्यानं पाणी ओतायला माझ्याबरोबर मोरीपर्यंत आली.